आँटी मोनं ‘बाहेर’ का म्हटलं

रॉयच्या अंत्यविधीनंतर गल्लीच्या टोकाच्या कामगार क्लबात चहा आणि सँडविच ठेवलं होतं. रॉयची बायको मॉरीन शेरॅट काळ्या कोटात भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. कुणीतरी तिच्या हातात प्लेट दिली. तिनं ती डोळ्यांच्या वर उचलली आणि खालून पाहिली. हॅमचं सँडविच घसरून पाद्रीबाईंच्या बुटावर पडलं.

“पोर्तुगाल,” मॉरीन म्हणाली. “रॉयला पोचवायला पोर्तुगालची प्लेट.”

“चीनची नाही ना, मग गप खा,” शेजारी बसलेली तिची मैत्रीण ग्लेनिस म्हणाली. पाद्रीबाई बूट पुसत होत्या. त्या नव्यानं बदलून आल्या होत्या, म्हणून गोंधळल्या. बाकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

स्टोक हे इंग्लंडातलं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव, इथं सगळे असंच करतात. हॉटेलात, दवाखान्यात, दुसऱ्याच्या लग्नात, प्लेट हातात आली की आधी उलटी करायची. पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. तो आपल्या गावचा निघाला तर ती कुणाच्या आत्यानं घडवली असेल, कुणाच्या सासऱ्यानं भाजली असेल यावर गप्पा सुरू होतात. नाही निघाला तर जेवणाची चव जाते. मी या गावात भट्ट्यांचे कंट्रोलर दुरुस्त करत फिरते, मॉरीनच्या शेजारच्या घरात बरीच वर्षं भाड्यानं राहते, आणि आता माझाही हात आपोआप वळतो.

गल्लीतली धाकटी माणसं तिला आँटी मो म्हणायची. मीही म्हणायचे. ती सगळ्यांनाच राणी नाहीतर राजा म्हणायची, मग तो पोस्टमन असो की पोलीस.

शाळा सुटल्यावर पुढच्याच आठवड्यात ती कारखान्यात लागली होती आणि साठी ओलांडली तरी त्याच खोलीत बसत होती. तिचं काम एकच. प्लेटच्या काठावर सोन्याची रेघ मारायची. प्लेट चाकावर ठेवायची, चाक डाव्या हातानं फिरवायचं, मुठीनं हलकेच टपल्या मारून प्लेट बरोबर मधोमध आणायची. मग ब्रश काठावर टेकवायचा आणि हलवायचा नाही. फिरते ती प्लेट. ब्रशला लावलेलं सोनं त्या वेळी काकवीसारखं तपकिरी दिसतं, भट्टीतून निघाल्यावर झळकतं. रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिटली पाहिजे आणि सांधा दिसता कामा नये. मी कितीदा बघितलं, पण सांधा कुठला ते मला कधी सांगता आलं नाही.

त्या खोलीत एके काळी बाकांच्या रांगाच्या रांगा होत्या. मी बघितली तेव्हा एक बाक उरला होता, आणि त्यावर मॉरीन, ग्लेनिस आणि एक रिकामं स्टूल.

त्या स्टुलावर मॉरीनचा डोळा होता. तिची मुलगी केरी बत्तीस वर्षांची, नवऱ्याशी फाटल्यापासून आईकडेच राहत होती. मोटरवेच्या कडेला, जिथं पूर्वी कोळशाची खाण होती तिथं आता पार्सलांचं मोठं गोदाम आहे. केरी तिथं एजन्सीमार्फत जायची. सकाळी फोनवर मेसेज आला तर काम, नाही आला तर घरी. मनगटाला एक यंत्र बांधलेलं. हात मंदावला की ते पिपाणीसारखं वाजतं.

“कुत्र्याला तरी पट्टा गळ्यात असतो,” केरी म्हणायची.

पण केरीचा हात चांगला होता. रविवारी दुपारी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर आईचं जुनं चाक मांडायची, काकवीत ब्रश बुडवायची आणि जुन्या प्लेटांवर रेघा मारत बसायची. मॉरीन भांडी घासता घासता मागे न बघता सांगायची, “श्वास सोडलास. ऐकू आला मला.” केरी हसायची आणि प्लेट पुसून पुन्हा बसायची. त्या वेळी तिचा चेहरा गोदामातून येणाऱ्या केरीचा नसायचा.

मालकांच्या घराण्यातले जाइल्स साहेब नाताळच्या पार्टीत म्हणाले होते, “हाताची रेघ चालू राहिली, तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर केरीला शिकायला घेऊ.” त्या ‘तर’वर मॉरीन सगळा हिवाळा जगली.

वसंतात मताची हवा सुरू झाली. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, जूनमध्ये मतदान. आमच्याकडे आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कालव्याच्या काठानं नवी पायवाट झाली होती आणि तिच्या तोंडाशी निळ्या पाटीवर पिवळ्या ताऱ्यांचं गोल कडं होतं, म्हणजे पैसा युरोपच्या संघाकडून आलेला. ग्लेनिस म्हणायची, “बघ, किती काळजी आमची. कामावरनं काढलेल्या माणसांना फिरायला जागा करून दिली.”

मग एका शनिवारी क्लबात बर्मिंगहॅमचा कुणी वक्ता आला. बाकी त्यानं काय सांगितलं ते मॉरीनला आठवत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिनं घट्ट धरली. तो म्हणाला होता, बाहेर पडलो की शिक्क्याचा कायदा आपला. माल परका असेल तर पाठीवर तसं लिहावंच लागेल. आपल्या गावचं नाव लावून कुणाला परकी प्लेट विकता येणार नाही. मग आपल्या हातांना मागणी येईलच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी नेहमीसारखी तिच्याकडे ओटकेक खायला गेले. ओटकेक म्हणजे दिसायला आपलं घावनच, आत चीज आणि बेकन. मॉरीन तव्यापाशी उभी होती आणि खुशीत होती.

“आँटी मो,” मी म्हटलं, “असा कायदा युरोपात मांडला होता की. मी वाचलंय. इटलीवाल्यांना हवा होता. नको म्हणणाऱ्यांत आपलंच सरकार होतं.”

“आपलं म्हणजे? लंडनचं म्हण.”

“लंडनमधून बाहेर पडायचं मत नाहीये या वेळी.”

“ते असतं ना,” केरी तोंडात घास घेऊन म्हणाली, “तर मेलेली माणसंसुद्धा मत टाकायला आली असती.”

मला राहवेना. मी शिकलेली पोरगी, मला वाटत होतं आकडे दाखवले की माणूस वळतो. मी म्हटलं, “आणि चिनी प्लेटांवर जो जादा कर बसलाय, तो ब्रसेल्सनंच, युरोपच्या संघानंच, बसवलाय. त्यामुळेच तर इथले कारखाने तग धरून आहेत.”

मॉरीननं ओटकेक उलटला. “बरं. तो कर बसल्यापासून आमच्या खोलीत बायका वाढल्या की घटल्या?”

“घटल्या,” मी म्हटलं.

“औषध चालू आहे आणि माणूस मरतच चाललाय. आता तू म्हणतेस औषधाचे आभार माना.”

“औषध थांबवलं तर लवकर मरेल.”

“मरू दे. निदान कुणीतरी बिछान्यापाशी येऊन बघेल तरी.” तिनं माझ्या पुढ्यात प्लेट सरकवली. “खा. गार झालं की चामडं होतं ते.”

पुढच्या आठवड्यापासून ती पत्रकं वाटायला लागली. गुडघा दुखायचा म्हणून पिशवी धरायला मी जायचे. मलाही मत होतं. हिंदुस्थान राष्ट्रकुलात, म्हणून पासपोर्ट तिकडचा असला तरी इथं राहणाऱ्यांना देता यायचं. मी ‘राहू’ म्हणणार होते हे मॉरीनला पक्कं ठाऊक होतं. “विरोधी पक्षाची हमाल,” असं ती दारोदार माझी ओळख करून द्यायची.

पहिलंच दार विल्फचं. खाणीतला म्हातारा, नाकात ऑक्सिजनची नळी.

“युरोपची युनियन?” तो म्हणाला. “मला आयुष्यात एकच युनियन ठाऊक, खाणकामगारांची. ती मोडली तेव्हा यातलं कुणी आलं होतं का विचारायला? दे इकडं कागद.”

टॅक्सीवाला इफ्तिखार गाडी धूत होता. मला बघून त्याला वाटलं आम्ही दुसऱ्या बाजूच्या. मॉरीननं पत्रक दाखवलं तसा त्यानं पाण्याचा नळ बंद केला. “माझ्या भावाच्या बायकोला व्हिसा नाकारला, दोनदा. इंग्रजीची परीक्षा, पगाराचे कागद, फोटो, सगळं दिलं. आणि युरोपवाल्यांनी विमानाचं तिकीट काढलं की पुरे. सगळ्यांना एकच नियम लावा, एवढंच म्हणतो मी. बाहेर पडलो तर लावतील?”

“लावायला पाहिजे, राजा,” मॉरीन म्हणाली. लावतील असं ती म्हणाली नाही.

टेकडीवरच्या वसाहतीत एका बाईनं दार उघडलं. कडेवर मूल, मागे दुसरं रडत होतं. तिनं पत्रक वाचलं, मागची बाजूही वाचली. मग विचारलं, “वरची बस बंद केलीय. पोराला दवाखान्यात न्यायला चालत खाली जावं लागतं. बाहेर पडलो तर बस परत येईल का?”

“सांगता येत नाही,” मॉरीन म्हणाली.

“आणि आत राहिलो तर?”

“तर येणार नाही. ते सांगता येतं.”

त्या बाईनं मान हलवली, पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि दार लावलं. मी घरी येईपर्यंत त्या उत्तरावर विचार करत होते. 

मतदानाच्या आठवड्यात सोमवारी मला कारखान्यात सोन्याच्या भट्टीचं काम निघालं. तापमान मोजणारी तार खराब झाली होती. मी ती बदलत होते तेवढ्यात आगीची घंटा झाली. सरावाची होती. एरवी सगळे पुढच्या अंगणात जमतात, पण त्या दिवशी कुणी बडं गिऱ्हाईक येणार म्हणून पुढे गाड्या लागल्या होत्या. आम्हाला मागच्या फाटकाशी पाठवलं. रेघेवाल्या बायका तिकडे कधी जात नसत. त्यांचा रस्ता पुढून आत, पुढून बाहेर.

मागे एक ट्रक रिकामा होत होता. माल उचलणाऱ्या गाडीवरून एका खोक्याचा तळ सुटला आणि पेंढ्यासकट प्लेटा घसरल्या. एकदोन फुटल्या. एक अख्खी मॉरीनच्या पायाशी आली. पांढरीशुभ्र, झिलई चढलेली, काठ जरासा बाहेर वळलेला. त्यांच्याच कारखान्याचा घाट, तिच्या हातांना झोपेतही ओळखता येईल असा.

तिनं ती उचलली आणि सवयीनं उलटी केली.

“हिच्या पाठीवर काहीच नाही,” ती म्हणाली.

खोक्यावर मोठ्या अक्षरात बांगलादेश लिहिलं होतं.

गाडी चालवणारा डीन खाली उतरला. “अगं मो, हात कापेल, राहू दे. नेहमीचाच माल आहे. शिक्का आत मारतात ना, मग तुमच्याकडे येतो.”

“नेहमीचा?”

“दोनेक वर्षं झाली की.” तो एकदा मॉरीनकडे आणि एकदा ग्लेनिसकडे बघायला लागला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“आम्ही उलटून बघायचो,” ग्लेनिस म्हणाली. “शिक्का असायचा.”

 मला त्या बायकांकडे बघवेना. जगभरच्या प्लेटा उलट्या करून बघणाऱ्या या, दवाखान्यात, मयतात, कुठेही फसल्या नाहीत. ज्या प्लेटा रोज हातातून जात होत्या त्याही त्यांनी उलट्या करून बघितल्याच होत्या. शिक्का खोटं बोलेल हे त्यांच्या मनात येण्यासारखंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावच्या बाईला कदाचित शंका आली असती.

जाइल्स साहेब आतून आले, चिखलात पाय सांभाळत. मॉरीननं प्लेट त्यांच्यापुढे धरली.

“मॉरीन, हे कायद्यात बसतं,” ते म्हणाले. आवाज शांत होता, माणूस वाईट नव्हता. “सजावट इथं होते ना. तुझी रेघ पडते म्हणून तर ती आपली प्लेट होते.”

“माझ्या रेघेमुळं?”

“हो.”

“म्हणजे हे खोटं माझ्या हातचं आहे.”

“खोटं नाही गं. माती इथं मळत बसलो असतो तर रेघेची खोली केव्हाच बंद पडली असती. तुम्हाला वाचवायलाच केलं मी हे.”

“आम्हाला विचारायचं तरी, जाइल्स साहेब.”

“विचारून काय केलं असतंत?”

मॉरीननं प्लेट हलकेच परत खोक्यात ठेवली. मग घंटा थांबली आणि आम्ही सगळे आत गेलो.

संध्याकाळी चालत घरी येताना मला वाटलं, आता तिचं मत फिरलं असेल. मी म्हटलं, “बघितलंस ना? साहेब इथलाच. याच गावात वाढला. ब्रसेल्सचा काय संबंध?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“मग गुरुवारी?”

“गुरुवारी ‘बाहेर’.”

“पण आँटी मो, आत्ताच तू म्हणालीस...”

ती थांबली. गुडघ्यामुळे नाही. “साहेबाला मत देऊन काढता येतं का? सांग. नाही ना? गोदामवाल्याला? बसवाल्याला? ज्याला धरायचं तो हाताला लागत नाही, राणी. हे एक लागतंय. ते धरू नको म्हणतेस, मग दुसरं दाखव मला. आत्ता दाखव.”

समोर बंद पडलेल्या पोस्ट ऑफिसची खिडकी होती, तिच्यात लॉटरीची जुनी जाहिरात. 

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये मतदान झालं. ग्लेनिसनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा मत टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “पेन्सिल बांधून ठेवलीय दोरीनं. आपण पेन्सिल चोरू याची भीती त्यांना.” केरीला एजन्सीचा मेसेज आला होता. तिला मत देता आलं नाही. तिचं म्हणणं, “दिलं काय, नाही दिलं काय. मी दमलेय.”

शुक्रवारी सकाळी कळलं, जिंकले. आमच्या गावात दहातल्या जवळजवळ सात जणांनी ‘बाहेर’ म्हटलं होतं. योगायोग असा की आमच्याकडे जूनअखेर सगळे कुंभार-कारखाने एकदम बंद होऊन गाव सुट्टीवर जातं, आणि सुट्टी त्याच दुपारी लागत होती. बायकांनी केक आणला. जाताना मॉरीननं रिकामं स्टूल ओल्या फडक्यानं पुसलं. मला वाटतं, त्या वर्षात तोवर मी तिला एवढी सुखी बघितली नव्हती.

पुढचं सगळं फार साध्या रीतीनं घडलं, आणि म्हणूनच सांगायला जड जातं.

पौंड घसरला. पौंड घसरला म्हणून आमच्या प्लेटा अमेरिकेत स्वस्त झाल्या आणि तिकडून मोठी ऑर्डर आली. ऑगस्टमध्ये जाइल्स साहेबांनी केरीला बोलावलं. केरीनं मनगटाचं यंत्र गोदामात परत केलं आणि दुसऱ्या दिवशी आईशेजारी स्टुलावर जाऊन बसली.

“बोलले होते ना मी?” मॉरीन मला कुंपणावरून म्हणाली. “बोलले होते?”

“बोलली होतीस.”

“तुझे आकडे घाल चुलीत.”

मी खरंच म्हटलं, घालते. सप्टेंबरात एकदा भट्टीच्या कामाला गेले तेव्हा दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या. चाकं फिरत होती. मॉरीनचा डावा खांदा जरा खाली झुकतो, केरीचाही तसाच झुकला होता. ग्लेनिस म्हणाली, “बघ, छापाच. हिचा बाप कोण यावर कुणी वाद घालेल, आई कोण यावर नाही घालणार.” केरीचा आवाज बदलला होता. ती संध्याकाळी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून बोलायची, रेघेवर, ब्रशच्या केसांवर, सोनं फार पातळ झालं तर काय करायचं यावर. आधी ती जेवण घेऊन सरळ खोलीत जायची.

पण कोऱ्या प्लेटांचे पैसे डॉलरमध्ये जायचे. सोन्याचेही. पौंड घसरला तसं तेही महागलं. ज्या घसरणीनं ऑर्डर आणली तीच घसरण आता अंगावर येत होती. ऑक्टोबरात साहेबांनी तिघींना ऑफिसात बसवलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच ग्लेनिसला कळलं. “साहेब कपबशीत चहा देतात म्हणजे आपली तिरडी बांधली,” असं ती नंतर म्हणाली.

साहेब म्हणाले, “प्लेट बांगलादेशातूनच रेघ मारून येईल आता. तिकडच्या बायका चांगलं काम करतात. मी नमुना बघितलाय.”

“सांधा दिसतो?” मॉरीननं विचारलं.

“नाही.”

तिनं कप बशीत ठेवला. “मग इथं काय होणार?”

“शिक्का.”

“आणि शिक्क्यावर काय लिहिणार?”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. नवा कायदा आला नव्हता. येणार असं कुणी म्हणतही नव्हतं. तो बर्मिंगहॅमचा वक्ता पुन्हा क्लबात फिरकला नाही.

ग्लेनिस हिशेब घेऊन बहिणीकडे वेल्सला गेली. केरीनं एजन्सीला फोन केला. तिचं नाव यादीच्या तळाशी गेलं होतं. पहिल्या महिन्यात मेसेज जवळजवळ आलेच नाहीत, मग हळूहळू यायला लागले, अवेळी. तिनं आईला बोल लावला नाही. एकदाच माझ्यापुढे म्हणाली, “स्टुलावर बसलेच नसते तर बरं होतं. आता त्या यंत्राचा आवाज जास्त लागतो.”

आणि मॉरीनला साहेबांनी सोडलं नाही. कारखान्याला लागून दुकान आहे. तिथं बसनं पर्यटक येतात, जुन्या भट्ट्या बघतात आणि कप विकत घेतात. त्या दुकानाच्या कोपऱ्यात साहेबांनी तिचं चाक मांडलं, पुढे मखमली दोर लावला, तिला जुन्या काळची पांढरी टोपी आणि झालरीचा एप्रन दिला. लोकांनी बघायचं आणि तिनं रेघ मारायची. सोनं परवडत नाही म्हणून तपकिरी रंग देतात. लोकांना वाटतं, भाजल्यावर त्याचं सोनं होणार. भाजत कुणीच नाही. प्लेटा त्याच त्या, पुसून पुन्हा वापरायच्या.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी केरीला काम नव्हतं, म्हणून आम्ही दोघी मॉरीनला भेटायला गेलो. दोरापलीकडे माणसं उभी होती. त्यात चांगला कोट घातलेल्या एका बाईनं विचारलं, “याच गावानं बाहेर पडायला मत दिलं ना? आता पस्तावत असाल तुम्ही लोक.”

“प्लेट फिरतेय,” मॉरीन म्हणाली. “आत्ता बोलता येत नाही.”

तिनं रेघ पूर्ण केली, ब्रश उचलला. मग त्या बाईकडे बघून म्हणाली, “जन्मात मला कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुला हे असं चालतंय का म्हणून. एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं. मग आता मी काय म्हणावं, की चालत होतं?”

ती बाई काहीतरी पुटपुटली. तिला वाईट वाटलं असावं. तिनं एक कप विकत घेतला.

गर्दी पांगल्यावर मॉरीननं दोराची कडी काढली. बाकाखालून दुसरं स्टूल ओढलं. पर्यटकांच्या मुलांनी हात चालवून बघावा म्हणून ते ठेवलेलं होतं.

“बस,” ती केरीला म्हणाली. “पुढची बस यायला वेळ आहे. दोन रेघा मार. हात विसरेल नाहीतर.”

केरी दोराच्या अलीकडेच उभी राहिली. तिच्या खिशात फोन वाजला. तिनं तो काढून बघितला.

“विसरू दे,” ती म्हणाली. “दोनला बोलावलंय.”

ती माझ्या गालाला गाल लावून निघून गेली. काचेतून ती बसथांब्याकडे पळताना दिसत होती. मॉरीन स्टूल तसंच सोडून चाकापाशी बसली. नवी माणसं दारातून आत येत होती, मार्गदर्शक त्यांना पुढे या, पुढे या म्हणत होता. तिनं ओल्या फडक्यानं प्लेटवरची रेघ पुसली, चाकाला गती दिली आणि मुठीनं टपल्या मारत प्लेट मधोमध आणायला लागली.